कऱ्हाटीला थांबलेली हलगी

सोपानबद्दल कुठंही छापून आलं की त्यात एक वाक्य हमखास असतं. ‘इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मलेला हा हलगीवादक पुढे मुंबईत आला आणि त्याच्या हलगीनं साऱ्या देशाला वेड लावलं.’ हे ‘पुढे’ वाचलं की माझं टाळकं सटकतं. जणू काही पोरगा जन्मला, त्यानं हलगी काखेला मारली आणि गाडीत बसला. अहो, त्या एका शब्दाच्या पोटात निमगाव केतकी, सणसर आणि कऱ्हाटी अशा तीन गावांची माती आहे, आणि ती मी फार जवळून पाहिली आहे. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा’ म्हटल्यावर मी माझं चरित्र बाजूला ठेवलं. तसंही ते माझ्या घरच्यांनीसुद्धा वाचलं नसतं.

माझा व्यवसाय कुस्तीच्या निवेदकाचा. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मला ‘माईकवाले आबा’ म्हणूनच ओळखतात. यात्रेत दुपारी गावाबाहेर कुस्त्यांचं मैदान भरतं, त्याला आम्ही फड म्हणतो. मधे तांबडी माती, भोवती माणसांचं कडं, आणि एका कडेला फळ्यांच्या मंचावर मी. कोणता पैलवान कुठल्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, आता कोणता डाव पडतोय आणि तो कसा सुटेल, हे सगळं बोलत राहायचं. मागं बसलेल्या माणसाला पैलवान दिसत नाही, फक्त धूळ दिसते. त्याचे डोळे म्हणजे मी. पण एक गोष्ट निवेदकानं कधीच करायची नसते. निकाल द्यायचा नसतो. तो पंच देणार, आणि मी तो फक्त सांगणार. माझ्या डोळ्यांनी काहीही पाहिलेलं असो, पंचाचा हात वर गेल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही.

दुसरा आवाज हलगीचा. कड्यावर ताणलेलं कातडं, एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. कातड्यानं ओल धरली की आवाज बसतो, म्हणून उसाच्या पाचटाचा जाळ करून हलगी शेकत राहावी लागते. जोडीला घुमकं असतं, ते खालचा ठोका धरतं. कुस्ती लागली की हलगी सुरू होते आणि डाव रंगेल तशी चढत जाते. एकाची पाठ मातीला लागली की निकालाची ‘घाई’, म्हणजे एकदम जलद ठेका, सुटते. ती कानावर पडली की माणसं आत धावतात आणि जिंकलेल्याला खांद्यावर घेतात. आणि कुस्ती चालू असताना हलगी एकदम गप्प झाली, तर त्याचा अर्थ एकच असतो: पैलवानाला जबर लागलंय. मग कुणी जागचं हलायचं नाही, आणि ती कुस्ती तिथंच मोडली. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

सोपानचा बाप नामा. निमगाव केतकीच्या फडात पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरचीच हलगी. आमच्याकडं केस पिकले की माणूस आपोआप आबा नाहीतर तात्या होतो. नामाचे केस पिकून पांढरेशुभ्र झाले तरी तो सगळ्यांचा नामाच राहिला. त्याच्या वस्तीतल्या माणसाला तात्या म्हणायचं वळण गावाच्या जिभेला नव्हतं, माझ्याही नव्हतं. हात थरथरायला लागल्यावर त्यानं हलगी सोपानच्या गळ्यात दिली आणि स्वतः घुमकं घेतलं. सोपानला तेव्हा नुकतीच मिसरूड फुटली होती.

निमगावच्या फडात त्याचं माझं पहिलं वाजलं. बाजारतळाच्या पलीकडं मैदान, दोन भारी पैलवान एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभे. डाव पडेना. अशा वेळी लोकांना धरून ठेवायचं म्हणून मी जिभेचा पट्टा सुटा सोडला होता, आणि या पठ्ठ्यानं हलगी अशी चढवली की माझं मलाच ऐकू येईना. कुस्ती संपल्यावर मी त्याला बोलावून झापलं.

‘‘अरे, फड कुणाचा? मी बोलत असताना जरा दमानं वाजवावं माणसानं.’’

तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘आबा, तुमी थांबला की वाजवायचं म्हणून मी वाट बघतो. पर तुमी थांबतच न्हाय.’’

नामा कपाळाला हात लावून उभा. मंचावरचे पंच हसून लोळायचे बाकी राहिले. मला राग आला, पण घरी जाताना वाटलं, पोरगं खोटं बोललं नाही. पुढच्या फडापासून मी दोन वाक्यांत श्वास घ्यायला लागलो आणि त्या श्वासात तो दोन ठोके टाकायला लागला. मग तोही मधूनच थांबायचा आणि मला जागा द्यायचा. आज शहरातले जाणकार त्याच्या वादनातल्या ‘थांबण्या’वर लांबलचक लिहितात. लिहू देत. त्यातलं निम्मं थांबणं माझ्या बडबडीनं शिकवलेलं आहे, एवढी फुशारकी मी मारून घेतो.

उरलेलं निम्मं कुठून आलं, ते पुढं येईलच.

सणसरचा फड वेगळा. भोवती ऊस, आणि बसायला जागा कमी म्हणून लोक रिकाम्या ट्रॉल्या आडव्या लावून त्यांच्यावर चढायचे. तिथं मी सोपानला विचारलं होतं, डाव पडायच्या आधीच तुझी हलगी कशी काय चढते? त्यानं सांगितलं, ‘‘मी पैलवानाच्या तोंडाकडं बघत न्हाय, पायाच्या अंगठ्याकडं बघतो. डाव आधी अंगठ्यात येतो, मग अंगात.’’ म्हणून तो सगळी कुस्ती मातीच्या कडेनं जवळजवळ बसून, सरकत सरकत वाजवायचा. त्याच्याइतकं खालून कुस्ती पाहणारा माणूस फडात दुसरा कुणी नसायचा.

सणसरलाच एक नमुना भेटला. गुलाबतात्या आमच्याच निमगावचे, मोठे बागायतदार. गावातला विकास नावाचा तरणा पैलवान त्यांनी खुराक देऊन वाढवला होता. विकासची कुस्ती लागायच्या आधी तात्या ट्रॉलीवरनं उतरून सोपानजवळ आले.

‘‘सोपान, पोरगा आपल्या गावचा हाय. त्याच्या अंगानं वाजव की जरा.’’

सोपान हसला. ‘‘तात्या, हलगी दोघास्नी ऐकू जाती. एकट्यासाठी वाजवाय दुसरा बहिरा हाय व्हय?’’

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. तात्या हसले नाहीत. त्या दिवशी विकासनं सरळ जिंकली, म्हणून विषय तिथंच राहिला. विकास आणि सोपान तर लहानपणापासूनचे दोस्त. सकाळी विकास माळावर पळायला जायचा तेव्हा सोपान त्याच्या मागं सायकल चालवत हँडलवर ठेका धरायचा. दोघांनाही आपापल्या कामात मोठं व्हायचं होतं आणि दोघांच्याही अंगात तेवढी धमक होती.

मग बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीचा फड आला.

शेवटची कुस्ती विकास विरुद्ध हणमंत. हणमंत कऱ्हाटीचाच, घरच्या मैदानात कधी पाठ न लागलेला. जिंकणाऱ्याला चांदीची गदा. त्या गदेवर नाव लागलं असतं तर विकासला बाहेरच्या मोठ्या तालमीचं दार उघडलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. इंदापूर तालुक्यातनं टेम्पो भरभरून माणसं आली होती. एका अंगाला बारामतीकर, दुसऱ्या अंगाला इंदापूरकर, आणि मधे जेमतेम कुस्तीपुरती माती. दुपारपासूनच वातावरण तापलेलं होतं. कुणीतरी कुणाच्या तालमीचं नाव घेऊन शीळ घातली, तेवढ्यावरनं दोनदा बाह्या वर सरकल्या होत्या. मी माईकवरनं गोड बोलून बोलून घसा कोरडा केला. हलगी मात्र कऱ्हाटीच्या पंचांनी स्वतः निवडून आणलेली: नामाची आणि सोपानची. सोपानची हलगी कुणाची नसते, अशी त्याची ख्याती झाली होती.

कुस्ती लागली. हणमंत ताकदीचा, विकास चपळ. बराच वेळ दोघं नुसते चाचपत होते. मग विकासनं खाली शिरून पट काढला, म्हणजे पाय ओढला, आणि हणमंतला मोळी घातली. मोळी म्हणजे समोरच्याची मान आणि पाय एकत्र आवळून त्याचं गाठोडं करायचं, सरपणाची मोळी बांधतात तसं. डाव जालीम. नीट बसला तर कुस्ती संपते, आणि जास्त ताणला तर मान मोडते. विकासनं आवळलेला हणमंत माझ्या बाजूला लोळवला. मंचावरनं मला स्वच्छ दिसलं: हणमंतचे दोन्ही खांदे मातीला टेकले. खाली सोपान तर हातभर अंतरावर होता. पण पंच पलीकडच्या अंगाला. त्यांना दिसली ती फक्त मधे आलेली विकासची पाठ.

सोपानच्या हातून निकालाची घाई सुटली.

त्यानं ती ठरवून वाजवली नाही. पाठ लागली की हात सुटतो, लहानपणापासूनची सवय. पण पंचाचा हात वर गेलेला नव्हता, आणि त्याच क्षणी हणमंतनं मानेवर जोर देऊन उसळी घेतली. खांदे उचलले गेले. आता पाहणाऱ्याला दिसत होतं ते असं: कुस्ती चालू आहे, आणि निमगावची हलगी निमगावच्या पैलवानाच्या नावानं विजय वाजवते आहे.

इंदापूरचे लोक आत धावले विकासला उचलायला. बारामतीचे धावले त्यांना अडवायला. ‘‘पाठ लागली न्हाय! हलगी फितूर हाय!’’ अशी आरोळी उठली आणि दोन्हीकडची गर्दी मातीवर एकमेकांना भिडली. त्या पायांच्या खाली दोघं पैलवान अजून तसेच होते. मोळी सुटलेली नव्हती. विकासच्या अंगावर माणसं कोसळत होती, आणि विकासचं सगळं वजन हणमंतच्या दुमडलेल्या मानेवर जात होतं. विकास ओरडत होता, ‘‘सरका! आरं सरका, ह्याची मान गेली!’’ मी माईकमधनं ओरडलो, पण रेटारेटीत कुणाच्या तरी पायात वायर अडकून तुटली होती. इतकी वर्षं ज्या आवाजावर माझं पोट चाललं, तो आवाज नेमका त्या वेळी मंचाच्या पलीकडंही जात नव्हता. आपल्या डोळ्यांदेखत एक पोरगा मरणार, हे मला कळत होतं.

सोपान अजून वाजवत होता. पण आता घाई नव्हती. तो सगळं बळ लावून, सरळ, मोठे ठोके हाणत होता. मला काही कळेना. वाटलं, घाबरून भान गेलं याचं. नामाचं घुमकंही त्याच्या बरोबरीनं धडधडायला लागलं. आवाज इतका वाढला की भांडणाचा गलकाही त्याच्या खाली दबला. आणि मग सोपाननं एकदम टिपरू उचललं आणि दुसरा हात बापाच्या घुमक्यावर दाबला.

हलगी थांबली.

फडातल्या माणसाच्या अंगात ती खूण मुरलेली असते. डोक्यात राग होता, हात उगारलेले होते, पण पाय आपोआप जागच्या जागी थबकले. कुणीतरी म्हणालं, ‘‘लागलंय! लागलंय कुणाला तरी!’’ आणि माणसं एक एक पाऊल मागं सरकायला लागली. मधे जागा झाली. विकासनं हात सोडवले आणि हणमंतला हळूच उताणा केला. त्याचे ओठ निळे पडले होते. श्वास चालू होता. मान हलवू नका, मान हलवू नका, असं म्हणत वस्तादांनी त्याला फळीवर घेतलं आणि जीप बारामतीच्या दवाखान्याकडं गेली.

पण राग कुठं गेला नव्हता. जीपची धूळ बसायच्या आत पुन्हा कुजबुज सुरू झाली, मग आवाज वाढले. वायरमननं वायर जोडली. पंच मला म्हणाले, ‘‘आबा, कायतरी बोला, न्हायतर हितं मुडदं पडतील.’’ मी माईक हातात घेतला. काय बोलणार होतो ते मला आजही आठवतं. मी सांगणार होतो की पाठ लागली होती, मी पाहिली, हलगीचं काही चुकलं नाही. आयुष्यात एकदाच निवेदकाचा नियम मोडणार होतो. एवढ्यात सोपान मंचावर चढला आणि त्यानं माईकवर हात ठेवला.

‘‘आबा, आत्ता खरं बोलू नका,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘माणसं घरला जाऊ द्या.’’

आणि माईक स्वतःकडं ओढून तो म्हणाला, ‘‘मंडळी, चूक माजी हाय. माजा हात आधी सुटला. कुस्ती झाली न्हाय. पैलवानांचा कुणाचा दोष न्हाय.’’

बारामतीकरांनी शिव्या दिल्या, पण सगळ्या सोपानला. इंदापूरकरांनीही शिव्या दिल्या, त्याही सोपानलाच. दोन्हीकडच्या रागाला एक माणूस मिळाला आणि एकमेकांची गरज संपली. दोघा पोलिसांनी बापलेकांना मधे घेऊन टेम्पोपर्यंत पोचवलं. तरी एक ढेकूळ नामाच्या पाठीत बसलंच. मोडलेल्या कुस्तीची गदा कऱ्हाटीच्या देवळात ठेवली गेली.

विकास मातीवर तसाच उभा होता, अंगाला माती, हात खाली. तो सोपानकडं बघत होता. रागानं नव्हे. सोपाननं असं का केलं, तेच त्याला कळत नव्हतं.

त्यानंतर कुणी ठराव वगैरे केला नाही. आमच्याकडं अशी कामं ठरावाशिवाय होतात. यात्रा आल्या, पण सोपानला सुपारी आली नाही. बारामतीकडचे म्हणत, तो फितूर. इंदापूरकडचे म्हणत, त्यानं घरच्या पोराची जिंकलेली कुस्ती मोडली. गुलाबतात्यांनी तर गावात जाहीर केलं की या पोराच्या हातची हलगी निमगावच्या फडात पुन्हा वाजणार नाही. मी पंचांकडं गेलो, जे पाहिलं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘‘आबा, हलगीवालाच चुकलो म्हणतोय, तुमी कोण?’’ विकासच्या घरीही गेलो. तो म्हणाला, ‘‘मी पाडलं हुतं ते मला ठाव हाय. तुमी हितं ओसरीवर सांगून काय उपेग? ते फडात व्हायला पायजे. आन्‌ फडात हलगीच म्हणाली, मी चुकले. मग माज्या कुस्तीला साक्षीदार कोण?’’

वर्षभर रिकामा बसून सोपान मुंबईला गेला. तेच ते ‘पुढे’. लग्नाच्या वरातीत वाजवलं, मग नाटकात, मग कुणीतरी त्याला गाण्यांच्या रेकॉर्डिंगला नेलं. नंतरचं सगळं छापून आलेलं आहे. त्याला घडवलं या तीन फडांनी, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि त्याला हाकललंही त्यांनीच, हे सांगताना मान खाली जाते. विकासला मोठ्या तालमीनं बोलावलं नाही. तो गावातच वस्ताद झाला. हणमंतची मान वाचली, पण कुस्ती सुटली. तो कऱ्हाटीत डाळिंबं करतो आणि कुणी हाक मारली तर अख्खा वळून बघतो. सोपानचा मला अधूनमधून फोन यायचा. मोठ्या मोठ्या दौऱ्यांबद्दल मी विचारायचो, आणि त्याचा प्रश्न एकच असायचा: ‘‘आबा, हणमंताची मान कशी हाय?’’ मग मी हणमंतला फोन करायचो आणि मानेची खबर घेऊन सोपानला कळवायचो.

यंदा निमगावच्या यात्रा कमिटीत नवी पोरं आली. त्यांनी सोपानचा सत्कार ठरवला, चौकात फ्लेक्स लावले. सोपाननं कळवलं, शाल-नारळ नको, शेवटच्या कुस्तीला हलगी वाजवू द्या. पोरं खूश. गुलाबतात्या आता थकलेत, त्यांनी फक्त तोंड फिरवलं. अडला तो विकास. शेवटच्या कुस्तीत त्याच्याच तालमीतला पठ्ठा होता.

‘‘त्याची हलगी वाजली तर माजा पोरगा मातीत उतरणार न्हाय,’’ तो मला म्हणाला. तालमीच्या पायरीवर बसून तो पोरांसाठी बदाम निवडत होता. ‘‘मी वंगाळ बोलत न्हाय त्याला. मोटा झाला, चांगलं झालं. पर माज्या कुस्तीत ती थांबली.’’

हणमंतशी मानेच्या निमित्तानं बोलणं झालं तेव्हा ही अडचण मी त्याच्या कानावर घातली. तो ‘‘बरं’’ म्हणाला आणि फोन ठेवला.

यात्रेच्या दिवशी वयानं बसलेला घसा घेऊन मी मंचावर चढलो, कमिटीच्या आग्रहाखातर. फड मोबाईलांनी भरला होता. सोपान साध्या शर्टात पाचटाच्या जाळाशी हलगी शेकत बसला होता. शेजारी नामा, पार वाकलेला, पण घुमकं मांडीत. शेवटच्या कुस्तीचं नाव मी पुकारलं. समोरचा पैलवान आला, त्यानं माती कपाळाला लावली. विकासचा पठ्ठा आलाच नाही. कडेला विकास हाताची घडी घालून उभा, आणि पोरगं त्याच्या मागं. मी पुन्हा पुकारलं. लोक चुळबुळायला लागले. ‘‘हलगी बदला!’’ एका कोपऱ्यातनं आवाज आला. ‘‘का म्हणून बदला?’’ दुसऱ्या कोपऱ्यातनं. मला कऱ्हाटी आठवली. सोपाननं हलगी गळ्यातनं काढायला हात घातला. आपण निघून जावं, म्हणजे निदान कुस्ती तरी होईल, असा त्याचा विचार. मी ओळखतो त्याला.

तेवढ्यात मागच्या गर्दीतनं एक पिकअप घुसलं. त्यातनं हणमंत उतरला. हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट, जड. ‘‘कऱ्हाटीवाला हाय त्यो!’’ कुणीतरी ओरडलं. चार पोरं उठून उभी राहिली. बंदोबस्ताचा पोलीस पुढं सरसावला. हणमंत कुणाकडं न बघता, म्हणजे त्याला मान वळवून बघताच येत नव्हतं, सरळ मातीच्या मधोमध आला आणि म्हणाला, ‘‘आबा, माईक द्या.’’

मी खाली उतरून माईक त्याच्या हातात दिला.

‘‘कऱ्हाटीच्या फडात माजी पाठ लागली हुती,’’ हणमंत म्हणाला. ‘‘पंचास्नी दिसलं न्हाय. पर पाठ माजी हुती, मला कळलं हुतं. नंतर गावात सगळी मला अजिंक्य म्हणाय लागली आन्‌ मला गोड लागलं. विचारलं बी न्हाय कुणी. हलगी बरोबर हुती. आन्‌ ती थांबली म्हणून मी हितं उभा हाय.’’

माईक माझ्याकडं परत देऊन त्यानं घोंगडी सोडली. चांदी काळी पडली होती, पण गदा तीच. देवळातनं मागून आणली होती त्यानं. तो विकाससमोर गेला, गदा त्याच्या खांद्यावर ठेवली, आणि त्याचा हात धरून वर केला, पंच करतो तसा.

विकासचा चेहरा वाकडातिकडा व्हायला लागला. त्या धिप्पाड माणसाला रडू आवरेना, आणि गदा धरलेली असल्यानं डोळेही पुसता येईनात. त्यानं मान वळवून सोपानकडं पाहिलं.

‘‘बघतो काय?’’ तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. ‘‘त्या दिसाची घाई आर्धी र्‍हायलीया न्हवं? वाजीव की!’’

सोपाननं टिपरू उचललं, पण पहिला ठोका पडेना. तेव्हा विकासनं सोपानच्या बापाकडं पाहिलं. ‘‘नामातात्या,’’ तो म्हणाला, ‘‘तुमी धरा ठेका.’’

म्हाताऱ्यानं घुमक्यावर हात मारला. मागोमाग निकालाची घाई सुटली आणि निमगावची पोरं विकासला खांद्यावर घ्यायला मातीत धावली. माझ्या हातात माईक होता. मी एक शब्द बोललो नाही, आणि सोपान कुठंही थांबला नाही.